पहिली गाडी घेताय? मग इन्शुरन्सचा कागद सही करायच्या आधी वाचा

पहिला ट्रक घेतलेल्या माणसाचं डोकं त्या महिन्यात कुठे असतं ते मला चांगलं माहितीये. डाउन पेमेंट, फायनान्सची फाईल, हौदा (मागची माल भरायची बॉडी) कधी तयार होतोय, पासिंग कधी होतंय, पहिलं भाडं कुठलं भरायचं. या गडबडीत कोणीतरी एक कागद पुढे सरकवतो, इन्शुरन्सचे एवढे झाले म्हणून सांगतो, आपण म्हणतो टाका लोनमध्ये, सही करतो आणि विषय संपला. २०१६ ला मी १० चाकी घेतली तेव्हा मी पण हेच केलं.

२०१९ च्या पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशी मार्केटला निघालो होतो. कसारा घाट उतरताना धुकं एवढं होतं की पुढच्या कंटेनरचा टेललॅम्प अगदी जवळ आल्यावर दिसला, तो उभाच होता, मी डावीकडे ओढली आणि गाडी कठड्याला घासत घासत जाऊन थांबली. कोणाला खरचटलं पण नाही, ही देवाची कृपा. पण बंपर आत गेला, दोन्ही हेडलाइट फुटले, डावा मडगार्ड, समोरचा शो, पुढचा डावा टायर, रेडिएटर, आणि केबिनचा कोपरा दाबला गेला. क्रेनवाल्याने १८ हजार घेतले. वर्कशॉपचं बिल झालं १ लाख ४२ हजार. क्लेम पास झाला ५९ हजारांचा.

नुकसान बघायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर वाईट माणूस नव्हता. वर्कशॉपमधल्या बाकड्यावर बसून माझीच पॉलिसी उघडून त्याने मला एकेक ओळ दाखवली, की हे बघा बंपर नाही, हेडलाइट नाही, मडगार्ड नाही, टायर नाही, कलर नाही, तुम्ही आयएमटी २३, म्हणजे हे पार्ट आत घेणारं जादा कव्हर, घेतलेलंच नाही. तीन वर्षं मी पैसे भरत होतो आणि तो कागद एकदाही वाचला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या भागात कोणी नवीन गाडी घेतली की मी आधी त्याची पॉलिसी बघायला मागतो. तेच इथे लिहितोय, म्हणजे जो पहिल्यांदा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही होतोय त्याला हप्ता, डिझेल आणि टायर यांच्याबरोबर हे पण कळावं.

आधी थर्ड पार्टी समजून घ्या

पॉलिसीत दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, ओडी म्हणतात, तो तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी. दोन्ही मिळून जी असते तिला पॅकेज पॉलिसी म्हणतात, आपल्याकडे फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात ती हीच.

थर्ड पार्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्तीची आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दंड ४,०००. पण खरी भीती दंडाची नाही. उद्या गाडीखाली कोणी आलं आणि ट्रायब्युनलने म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाने घरच्यांना ३०-४० लाख द्यायला सांगितले तर इन्शुरन्स नसताना ते पैसे तुमच्या नावावर निघतात, गाडी जाते, शेत जातं. मृत्यू किंवा जखमीच्या बाबतीत थर्ड पार्टी कव्हरला रकमेची मर्यादा नाही, म्हणून ही पॉलिसी एक दिवस पण खंडित होऊ द्यायची नाही.

याचा प्रिमियम सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर गाडीच्या एकूण वजनावर म्हणजे जीव्हीडब्ल्यूवर असे आहेत: ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये, ७,५०० ते १२,००० किलो २७,१८६, १२,००० ते २०,००० किलो ३५,३१३, २०,००० ते ४०,००० किलो ४३,९५०, आणि ४०,००० च्या वर ४४,२४२. रिन्यूअलच्या वेळी नवीन दर आलेत का तेवढं बघून घ्या. यावर जीएसटी आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवर ५ टक्के झाला. ओडीच्या भागावर मात्र १८ टक्केच लागतो, त्यामुळे बिलात दोन्ही जीएसटी वेगवेगळे दाखवलेत का ते तपासा.

म्हणजे सहा चाकी १९ टनाची गाडी असेल तर थर्ड पार्टी ३५,३१३ च, कुठल्याही कंपनीत जा. कोणी म्हणालं की थर्ड पार्टीत पण डिस्काउंट करून देतो, तर तिथून उठा. एकतर तो वजनाचा स्लॅब चुकीचा टाकतोय किंवा कागदच खोटा आहे.

फक्त एका ठिकाणी थर्ड पार्टीचे थोडे पैसे कायदेशीर कमी होतात आणि तेच करू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कोणाची कार, दुकानाचं शटर, विजेचा खांब, टोलचं बूथ, याला कमर्शिअल गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. ते ६,००० रुपयांवर आणून प्रिमियम थोडा कमी करता येतो. वाचणारी रक्कम शे-दोनशेच्या घरातली असते. आजकालच्या एका कारचा दरवाजा ६,००० मध्ये होत नाही. पॉलिसीवर टीपीपीडी असं लिहिलेलं असतं, त्यापुढे ७,५०,००० आहे का बघा.

मग आयडीव्ही, आणि हौद्याचं काय?

आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यातली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर याच रकमेवर हिशोब होतो. नवीन गाडीला शोरूम किमतीच्या ५ टक्के कमी धरतात, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के, मग ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे तुमच्यात आणि कंपनीत जी किंमत ठरेल ती.

इथे नवीन मालक सगळ्यात जास्त फसतो ते हौद्यात. बऱ्याच गाड्या आपण चेसिस म्हणून घेतो, हौदा बाहेर बांधून घेतो. डीलर पॉलिसी काढतो ती चेसिसच्या बिलावर, कारण त्या दिवशी हौदा झालेलाच नसतो. नंतर हौदा बसतो, आरटीओत पासिंग होतं, गाडी रोडवर लागते, पण पॉलिसीत हौदा चढवायचा राहून जातो. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं हेच झालं होतं, गाडी पलटी झाली, हौदा पूर्ण वाकला आणि त्याच्या पॉलिसीत बॉडीच्या रकान्यात शून्य होतं. त्याला फक्त केबिन आणि चेसिसच्या कामाचे मिळाले.

हिशोब करून बघा. समजा चेसिस ३० लाखांची आणि हौदा ४ लाखांचा. दुसऱ्या वर्षात २० टक्के कमी करून आयडीव्ही २७ लाख २० हजार यायला पाहिजे. हौदा धरलाच नाही तर २४ लाख. गाडी चोरीला गेली तर ३ लाख २० हजार तिथेच गेले. म्हणून हौदा बांधणाऱ्याकडून पक्कं जीएसटी बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नका, आणि बिल हातात आलं की त्याच आठवड्यात कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी नोंद, करून घ्या. ट्रेलर ओढणाऱ्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघायचं, ट्रेलरची किंमत आणि नंबर पॉलिसीत वेगळा आला पाहिजे, नुसत्या घोड्याचा म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीचा इन्शुरन्स म्हणजे मागचा ट्रेलर उघडाच. ताडपत्री, रस्से, जॅक हे सामान पॉलिसीत येत नाही, ते आपल्या जिवावर.

दुसरी गोष्ट, आयडीव्ही मुद्दाम कमी करून कोटेशन स्वस्त दाखवायची सवय काही एजंटांना असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. २४ लाखांच्या गाडीचा आयडीव्ही १८ लाख लावला असेल तर साडेतेरा लाखांच्या कामालाच गाडी टोटल लॉसमध्ये जाते. आणि चेक कोणाला जातो? पॉलिसीवर फायनान्स कंपनीचं नाव चढवलेलं असतं, त्यामुळे आधी त्यांचं लोन कापलं जातं, उरलं तर तुम्हाला. कित्येकदा काही उरतच नाही, उलट हप्ते बाकी राहतात आणि गाडी पण नाही. तुमचं लोन किती बाकी आहे आणि आयडीव्ही किती आहे हे दोन आकडे दर रिन्यूअलला शेजारी शेजारी लिहून बघा.

आयएमटी २३, जे नसल्यामुळे माझं नुकसान झालं ते

कार असेल तर बंपर फुटला की क्लेम होतो, म्हणून आपल्याला वाटतं ट्रकचं पण तसंच असेल. तसं नाही. कमर्शिअल गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत लाइट, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे पार्ट, बंपर, हेडलाइट आणि कलर या गोष्टी वगळलेल्या असतात, फक्त गाडी टोटल लॉस झाली तरच धरतात. आता तुम्हीच सांगा, घाटात किंवा हायवेला ट्रक कुठेही ठोकला तर पहिलं काय जातं? हेच सगळं जातं.

हे परत आत घ्यायचं असेल तर आयएमटी २३ नावाचं एंडोर्समेंट घ्यावं लागतं, त्याला ओडी प्रिमियमच्या १५ टक्के जास्त लागतात. माझ्या गाडीला तेव्हा साडेतीन-चार हजारांचा फरक होता. टायर फक्त गाडीला पण मार बसला असेल तेव्हाच आणि निम्म्या किमतीपर्यंतच मिळतो, नुसता टायर फुटला तर नाही. तरी पण हे घ्याच. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर आयएमटी नंबरांची एक ओळ असते, त्यात २३ दिसला पाहिजे. एजंट तोंडी हो म्हणाला हे चालणार नाही.

बाकी पार्टला पण घसारा कापतात हे लक्षात ठेवा. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांना ५० टक्के, फायबरला ३० टक्के, काचेला काही नाही, आणि लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, तिसऱ्या वर्षात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षं ४० टक्के. माझी गाडी तेव्हा तीन वर्षं ओलांडून गेली होती म्हणून लोखंडाला २५ टक्के कापले गेले. हा घसारा नको असेल तर झिरो डेप मिळतं, पण ट्रकला ते ठराविक वयापर्यंतच देतात आणि प्रिमियम बराच वाढतो. नवीन गाडीला पहिली दोन-तीन वर्षं परवडत असेल तर घ्या, हप्ता चालू असताना एकदम लाखाचं बिल अंगावर आलं तर नवीन माणूस उभा राहू शकत नाही.

आणि क्रेन. साध्या पॉलिसीत अपघाताच्या जागेवरून गाडी वर्कशॉपला न्यायला ट्रकसाठी २,५०० रुपये धरलेत. घाटात भरलेली गाडी बाजूला घ्यायला क्रेनवाले किती मागतात ते वर सांगितलंच. थोडा प्रिमियम भरून टोइंगची रक्कम वाढवून मिळते, विचारा. इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल, रोडसाइड असिस्टन्स हे पुढचं झालं, पैसे उरले तर बघा, आधी वरचं.

गाडीत बसणारी माणसं

मालक स्वतः गाडी चालवत असेल तर १५ लाखांचं पीए म्हणजे वैयक्तिक अपघाताचं कव्हर असतं, ओनर-ड्रायव्हर पीए म्हणतात. यात एक खाच आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. हे कव्हर फक्त त्यालाच आहे ज्याच्या नावावर आरसी आहे आणि ज्याच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन्स आहे. आपल्याकडे कर्जासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी गाडी बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतात आणि चालवतो नवरा किंवा मुलगा. मग चालवणाऱ्याला काही झालं तर हे १५ लाख मिळत नाहीत, कारण तो मालक नाही, आणि पगारी ड्रायव्हर पण नाही म्हणून तिकडून पण अडचण येते. तुमचं असं असेल तर चालवणाऱ्याच्या नावाने वेगळी अपघात विमा पॉलिसी काढा, आजच काढा. घरात कमावणारा तोच एक असतो.

ड्रायव्हर किंवा क्लीनर ठेवलाय तर पगारी माणसाच्या जबाबदारीचं कव्हर लागतं, आयएमटी २८, माणशी ५० रुपये. ५० रुपयांसाठी लोक ते सोडतात किंवा गाडीवर दोन माणसं असताना एकाचेच भरतात. कामावरच्या माणसाला काही झालं तर कायद्याप्रमाणे द्यायची भरपाई काही लाखांत जाते. दुसऱ्याच्या पोरावर आपण गाडी सोपवतो, त्याच्या घरच्यांसाठी एवढं केलंच पाहिजे.

सवारी बसवायची नाही. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये असेल तर कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो धरला जातो. पण परतीला रिकाम्या गाडीत गावची माणसं घेतली, मजूर हौद्यात बसवले, तर त्यांची जबाबदारी इन्शुरन्स कंपनीवर येत नाही, सुप्रीम कोर्टाने आशा राणी केसमध्ये हे स्पष्ट केलंय. शेतमजुरांनी भरलेले ट्रक आपण रोज बघतो आणि नाही म्हणणं जड जातं मला माहितीये, तरी नाही म्हणा.

मालाचा इन्शुरन्स वेगळा असतो

ही गैरसमजूत खूप आहे. गाडीचा फुल इन्शुरन्स असला तरी हौद्यातल्या मालाचा एक रुपया त्यात नसतो. माल पाठवणारा पार्टी स्वतः ट्रान्झिट इन्शुरन्स काढतो, आणि त्यांच्या कंपनीने त्यांना पैसे दिले की ती कंपनी मागाहून ट्रान्सपोर्टवाल्याकडे वसुलीला येऊ शकते, ट्रान्सपोर्टवाला ते तुमच्या भाड्यातून कापायला बघतो. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे २०११ चे नियम यात मालाची किंमत जास्तीची जाहीर करून वेगळा दर दिलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत धरलीय, त्यामुळे बिल्टीवर म्हणजे मालाच्या पावतीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व आहे.

म्हणून गाडी लावायच्या आधी सरळ विचारा, मालाचा इन्शुरन्स कोणाचा आहे? उत्तर व्हॉट्सॲपवर घ्या. मोबाईल, औषधं, तेलाचे डबे, तांब्याची तार असा महागाचा माल असेल तर पॉलिसीची कॉपी मागा. कांदा, टोमॅटो, द्राक्षं यात उशीर झाला म्हणून माल सडला तर सहसा कोणीच भरून देत नाही, माझ्या त्या ट्रिपला दुसऱ्या गाडीत कांदा पलटी करेपर्यंत बारा तास गेले, ओल्या झालेल्या मालाचे पैसे व्यापाऱ्याने कापले, ते भाडं गेलंच.

कोटेशन घेताना

शोरूमवाल्याकडूनच किंवा फायनान्सवाल्याकडूनच पॉलिसी घ्यायची सक्ती नाही. ते घाई करतात, डिलिव्हरी अडेल म्हणतात, तरी दोन दिवस आधीच बाहेरून तीन कोटेशन आणा. थर्ड पार्टी सगळीकडे सारखीच असल्यामुळे फरक पडतो तो ओडीमध्ये, तिथे कंपन्या आपापलं डिस्काउंट देतात आणि एकाच गाडीला दहा-पंधरा हजारांचा फरक मी स्वतः बघितलाय. पण तुलना करायची तर तिघांनाही एकच आयडीव्ही, आयएमटी २३, तेवढीच माणसं, तेवढेच ॲड-ऑन सांगा. नाहीतर जो सगळ्यात कमी देतोय तोच सगळ्यात स्वस्त दिसतो.

कंपनी निवडताना आपल्या रूटवरच्या वर्कशॉपवाल्यांना विचारा. कुठल्या कंपनीचा सर्व्हेअर वेळेवर येतो, कोणाचे पैसे अडकतात, हे त्यांना बरोबर माहीत असतं कारण त्यांची बिलं अडकतात. कॅशलेस वर्कशॉप तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर कुठे आहेत ते बघा, नाशिकला आहे आणि तुमची गाडी हैदराबाद-बंगळूर चालते तर त्याचा उपयोग किती.

पैसे कंपनीच्या नावाने, कंपनीच्याच लिंकवर भरा, एजंटच्या खात्यात नाही. पॉलिसी आली की त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून तारीख चढलीय का बघा. मग चेसिस नंबर, इंजिन नंबर, जीव्हीडब्ल्यू, नावाचं स्पेलिंग, फायनान्सचं नाव, हे आरसी शेजारी ठेवून बोट फिरवत तपासा. चेसिस नंबरमधला एक आकडा चुकला तरी क्लेमच्या वेळी महिनाभर जातो.

ट्रकची थर्ड पार्टी एकेक वर्षाचीच असते, कार-बाईकसारखी तीन-पाच वर्षांची नाही. रिन्यूअल चुकलं तर गाडीचं इन्स्पेक्शन मागतात, आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर नो क्लेम बोनस पूर्ण जातो. तो बोनस पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत जातो, ओडीवर. त्यामुळे पाच-सहा हजारांचं किरकोळ काम असेल तर क्लेम करण्याआधी बोनस किती जाईल ते मोजा.

जुनी गाडी घेतली असेल तर

विकणाऱ्याची थर्ड पार्टी गाडीबरोबर तुमच्याकडे येते, पण १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलायला अर्ज द्यावा लागतो. ओडी आपोआप येत नाही, नाव बदलेपर्यंत तुमच्या गाडीचं काही झालं तर हात रिकामे. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो तुम्हाला लागू होत नाही, तुम्हाला त्याचा फरक भरावा लागतो. आधी क्लेम झालेला असताना प्रपोजलमध्ये क्लेम नाही असं लिहून बोनस घेतला, तर पुढचा मोठा क्लेम त्याच कारणाने अडवतात. जास्त जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या ओडी द्यायला तयारच नसतात, म्हणून व्यवहार ठरवायच्या आधीच विचारून घ्या.

क्लेम टिकवणारे कागद

पॉलिसी कितीही चांगली असली तरी लायसन्स, फिटनेस, परमिट यातलं एक संपलेलं निघालं की कंपनीला कारण मिळतं. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. परमिट नसताना अपघात झाला तर कंपनी समोरच्याला पैसे देते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असंच सांगितलंय. ७,५०० किलोपर्यंतच्या छोट्या गाडीवाल्यांना एक दिलासा आहे, एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर एवढ्या वजनाची मालवाहू गाडी चालवता येते हे ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने पक्कं केलं. त्याच्या वरच्या गाडीला हेवी लायसन्सच पाहिजे, बदली ड्रायव्हर घेताना त्याचं लायसन्स परिवहनच्या साइटवर टाकून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

ओव्हरलोडचा दंडच २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, शिवाय अपघाताचं कारण जादा वजन आहे असं दिसलं तर ओडी क्लेमवर वाद होतो आणि रक्कम कापतात. वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

ठोकली तर पहिल्या तासात

माणसं आधी. जखमीला दवाखान्यात पोचवा, १०८ ला फोन करा. मग कंपनीच्या नंबरवर लगेच कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. मोठं नुकसान असेल तर गाडी हलवायच्या आधी स्पॉट सर्व्हे करा असं स्वतःहून म्हणा. घाटात ट्रॅफिकमुळे पोलीस गाडी काढायला लावतात, तेव्हा हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो आणि एक व्हिडिओ काढा, नंबरप्लेट आणि किलोमीटरचा दगड एका फोटोत आला पाहिजे, स्पीडोमीटरचा पण घ्या. दुसऱ्या कोणाला लागलं असेल, चोरी किंवा आग असेल तर एफआयआर, नाहीतर निदान पोलिसांत नोंद आणि पंचनामा. वर्कशॉपमध्ये सर्व्हेअर येण्याआधी एक नट पण खोलू देऊ नका, आणि बदललेले जुने पार्ट तो सांगेपर्यंत फेकू नका.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, मग विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार. तरी नाही झालं तर विमा लोकपाल, आपल्याकडे मुंबई आणि पुण्याला ऑफिस आहे, एक-दोन गाड्यांच्या मालकाची तक्रार तिथे ५० लाखांपर्यंत घेतात, फी नाही आणि वकील लागत नाही. नकार आल्यापासून एका वर्षात जायला लागतं.

आणि एक छोटी गोष्ट. त्या रात्री घाटात माझा मोबाईल डॅशबोर्डवरून खाली पडून बंद झाला होता आणि पॉलिसी त्याच मोबाईलमध्ये होती. कंपनीचा नंबर शोधायला सकाळचे सात वाजले. आता पॉलिसी नंबर, कंपनीचा टोल फ्री, क्रेनवाल्याचा आणि घरचा नंबर असं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, वर प्लॅस्टिक लावून, केबिनच्या वरच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवलंय. पॉलिसी बदलली की त्याच दिवशी तो कागद पण बदलतो. त्याची दुसरी कॉपी घरी कॅलेंडरच्या मागे आहे, बायकोला माहितीये.